घर स्वच्छ कुणासाठी ठेवायचं?

आजचा विषय घरातला आहे. आरक्षण, शिष्यवृत्ती, ॲट्रॉसिटी, निवडणूक एवढं सगळं पेटलेलं असताना झाडू-फरशीवर काय लिहायचं, असं काही मित्रांना वाटेल. आम्हालाही तसंच वाटत होतं. पण आमच्या घरात गेल्या वर्षी जे घडलं त्यानंतर आमचं मत बदललं. या लेखात 'आम्ही' म्हणजे आम्ही नवरा-बायको. लेख दोघांनी बसून लिहिला आहे, भांडत लिहिला आहे, आणि दोघांना मान्य झालं तेवढंच ठेवलं आहे.

आधी घराची ओळख करून देतो. मध्य रेल्वेच्या कल्याणपुढच्या एका स्टेशनाजवळ आमचं वन रूम किचन आहे. माणसं पाच. आम्ही दोघं नोकरी करणारे, सहा वर्षांची मुलगी, अडीच वर्षांचा मुलगा आणि आई, म्हणजे मुलांची आजी. पाणी सकाळी पाऊण तास येतं. तेवढ्यात पिंप, बादल्या, हंडे भरायचे, कपडे भिजवायचे, डबे करायचे आणि लोकल पकडायची. अशा घरात दोन लहान मुलं असली म्हणजे काय होतं हे ज्यांच्या घरी मुलं आहेत त्यांना सांगायला नको. सकाळी पुसलेल्या फरशीवर आठ वाजता नाचणीची खीर सांडते. घडी केलेल्या कपड्यांच्या थप्पीचा धाकटा डोंगर करतो आणि त्यावरून घसरतो. भिंतीवर थोरलीचं पेन्सिलीतलं गाव आहे, त्यात रोज एक घर वाढतं. ओल्या चड्ड्या, बिस्किटाचा चुरा, बाटलीच्या झाकणांचे ठोकळे, आणि रात्री अंधारात पायाखाली येणारी ती एक चाक निघालेली गाडी.

हे सगळ्या घरांत होतं. मग आमच्याच घरात यावरून रोज रडारड का व्हायची?

त्याचं उत्तर एका अर्ध्या वाक्यात आहे.

दोन वर्षांपूर्वी ऑफिसातले एक सहकारी काही कागद द्यायला घरी आले. रविवार होता, घर आवरलेलं होतं. चहा झाला. निघताना त्यांनी सगळीकडे एकदा नजर फिरवली आणि मनापासून म्हणाले, "घर फार स्वच्छ ठेवलंय हो तुम्ही. वाटत नाही अगदी..." आणि थांबले. पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. चप्पल घातली, हसले आणि गेले.

काय वाटत नाही? ते त्यांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही. विचारायची गरजही नव्हती. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता, तो त्यांनी चहा पिताना पाहिला होता. ते गृहस्थ वाईट नाहीत. त्यांनी कौतुकच केलं. पण ज्या कौतुकाच्या पोटात आश्चर्य असतं ते कौतुक नसतं, ती परीक्षा असते. आपण त्या परीक्षेला बसलेलो आहोत हेसुद्धा आपल्याला निकाल लागल्यावर कळतं.

खरं सांगायचं तर त्या दिवशी आम्हाला राग आला नाही. आम्हाला बरं वाटलं. पास झालो असं वाटलं. आज त्याचीच जास्त लाज वाटते.

त्यानंतर आम्ही बिघडलो. घरात फिनेलचा वास आला पाहिजे, कुणीही कधीही आलं तरी फरशी चमकली पाहिजे, असं एक खूळ डोक्यात शिरलं. मुलांच्या खेळण्यांची पिशवी माळ्यावर गेली. भिंतीवरचं गाव ओल्या फडक्यानं पुसलं, थोरली रडली, तरी पुसलं. खाताना सांडलं की दटावणं, आणि कधीकधी पाठीत एक धपाटा. आणि यात आई आमच्या पुढे होत्या.

आईंचं समजून घ्यायला हवं. त्यांनी तीस वर्षं सफाई कामगार म्हणून नोकरी केली. पहाटे पाचला हजेरी, मग रस्ता, मग बाजार, मग गटारीच्या कडेचा गाळ. घरी आल्यावर पहिल्यांदा मोरीत आंघोळ, मगच मुलांना हात लावायचा. त्यांच्या वसाहतीतल्या खोलीतली मांडणी आम्हाला अजून आठवते. स्टीलचे डबे उतरंडीनं लावलेले, पेले पालथे, ताटं उभी, आणि सगळं असं घासलेलं की त्यात तोंड दिसावं. आई म्हणतात, "लोक आपल्या घराकडं डोळ्यानं न्हाई बघत, नाकानं बघत्यात." हे वाक्य त्यांनी पुस्तकात वाचलेलं नाही. तीस वर्षांत अनुभवलेलं आहे. जिनं दुसऱ्याची घाण उचलली तिलाच लोकांनी घाणेरडी म्हटलं. मग तिनं आपलं घर आरशासारखं ठेवलं, त्यात नवल नाही. तो तिचा स्वाभिमान होता.

आणि हा स्वाभिमान आपल्या चळवळीतूनच आला आहे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत मनुस्मृतीचं दहन झालं, त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांशी वेगळा संवाद केला. अस्पृश्यतेची ओळख पटवणारे जड दागिने आणि लुगडं नेसण्याची ती पद्धत टाकून द्या, स्वच्छ राहा, मुलींनाही शिकवा, असं त्यांनी सांगितलं. बायकांनी ते तिथल्या तिथं अमलात आणलं. नेसण्याची तऱ्हा बदलली. आपल्या आज्या-पणज्यांनी घर आणि अंग स्वच्छ ठेवण्याचा जो वसा घेतला त्याला असा इतिहास आहे. त्याची टिंगल करण्याचा आमचा हेतू नाही.

पण त्याच वर्षी मार्चमध्ये त्याच महाडला काय झालं होतं तेही लक्षात ठेवलं पाहिजे. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी आपले लोक प्यायले. जनावरांना चालणारं तळं माणसांना बंद होतं. आधी पाणी तोडायचं आणि मग अस्वच्छ म्हणून नाक मुरडायचं, ही ती रीत. दोन्ही घटना एकत्र वाचल्या तर बाबासाहेबांचा अर्थ नीट लागतो. स्वच्छता त्यांनी मागितली ती आपल्यासाठी, आपल्या मुलांसाठी, माणूस म्हणून ताठ उभं राहण्यासाठी. आणि तिच्यासोबत पाण्याचा हक्कही मागितला. घर चमकवून दाखवा म्हणजे ते तुम्हाला माणूस म्हणतील, हा त्यांचा मुद्दा नव्हता. आम्ही मात्र नेमका हाच अर्थ जगत होतो.

आता त्या दिवसाबद्दल.

आमच्या भागात सायकलवर फिनेल विकणारा येतो. सुटं फिनेल, स्वस्त, आणि देतो कशात तर कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत. वास कडक, म्हणून आम्हाला पसंत. बाटली मोरीच्या कठड्यावर ठेवलेली असायची. त्या शनिवारी पाहुणे येणार होते. सकाळपासून पुसापुशी चालली होती. आम्ही एकजण ओट्यापाशी, एकजण खिडकीच्या जाळीवर, आई भाजी निवडत. थोरलीला धाकट्यावर लक्ष ठेवायला सांगितलं होतं. सहा वर्षांच्या मुलीला!

धाकट्यानं बाटली तोंडाला लावली. लग्नात त्यानं तसलीच बाटली पाहिली होती. किती प्यायला ते कळलं नाही. खोकला, तोंडातून वास, अंगावर पांढरं पाणी. आई त्याच्या घशात बोट घालणार होत्या, मिठाचं पाणी पाजा म्हणून शेजारून सल्ला आला. आमच्यापैकी एकाला कुठेतरी ऐकलेलं आठवलं आणि आम्ही तसं केलं नाही. रिक्षात बसलो, बाटली सोबत घेतली. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा तेच विचारलं, उलटी करवली का? नाही म्हटल्यावर म्हणाले, बरं केलंत. फिनेल, रॉकेल असले पदार्थ उलटीबरोबर परत वर येताना फुप्फुसात जाण्याचा धोका असतो. ॲसिड असेल तर ते अन्ननलिका दुसऱ्यांदा भाजतं. त्यांनी रात्रभर देखरेखीखाली ठेवलं. बाळ वाचलं. दुसऱ्या दिवशी दुपारी हसायला लागलं.

त्या रात्री घरी थोरली आजीजवळ होती. आम्ही आल्यावर तिनं विचारलं, "पाहुण्यांनी पसारा बघितला का?"

भाऊ कसा आहे हे तिनं नंतर विचारलं.

वाचकहो, आम्ही भाषणं केली आहेत. जातीची उतरंड मनात कशी घुसते यावर तासतासभर बोललो आहोत. पण ती आमच्या घरात, आमच्या हातानं, आमच्या मुलीच्या मनात घुसत होती हे आम्हाला दिसलं नाही. त्या सहकाऱ्यानं गिळलेलं अर्धं वाक्य आम्ही उचललं आणि पोरीला पूर्ण करून दिलं. पुढे दोन-तीन दिवसांनी बेल वाजली तेव्हा ती धावत आली, जमिनीवरचे खडू फ्रॉकमध्ये गोळा केले आणि हळूच म्हणाली, "आई, लपवू का?" तेव्हा आम्ही दोघं खाली बसलो. या पोरीला कुणाची भीती वाटते आहे? ज्यांना तिनं कधी पाहिलेलंही नाही त्यांची.

मग आम्ही बसून विचार केला आणि तीन शब्द वेगळे केले. स्वच्छता, टापटीप आणि सोवळं.

स्वच्छतेचा संबंध आजाराशी आहे. तिला कारण देता येतं, आणि कारण मुलालाही समजतं. हात साबणानं धुवायचे, कारण हगवण आणि जंत हातातून पोटात जातात. अंगणवाडीत आणि शाळेत फेब्रुवारी-ऑगस्टमध्ये जंताची गोळी देतात ती मुलांना द्यायची. पिण्याचं पाणी झाकून ठेवायचं, ओगराळ्यानं काढायचं. पाणी साठवलेली पिंपं आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करायची, कारण डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. गंमत बघा, आमची फरशी चमकत होती तेव्हा पिंप मात्र महिना महिना घासलं जात नव्हतं. पाहुणा पिंपात डोकावत नाही ना!

टापटीप म्हणजे वस्तू जागेवर असणं. ती सोयीची गोष्ट आहे. चावी सापडते, दप्तर सापडतं, रात्री कुणी अडखळत नाही. पण खेळणी जमिनीवर पडलेली असणं ही घाण नव्हे. ते मुलाचं काम चालू असल्याची खूण आहे.

आणि सोवळं म्हणजे ज्याला कारण देता येत नाही ते. कुणी शिवलं, कुणी पाहिलं, कोण काय म्हणेल. हे सोवळं आपल्या देशात कुणी कुणावर लादलं ते सर्वांना माहीत आहे. पण ते उलट्या बाजूनंही घरात शिरतं, हे आम्हाला आमच्या घरात कळलं. कुणी विटाळ मानू नये म्हणून आपण इतकं घासतो, की घासणं हेच सोवळं होऊन बसतं.

एवढं कळल्यावर कामाची वाटणी आली, आणि तिथे खरं भांडण झालं.

२०१९ च्या सरकारी वेळ-वापर सर्वेक्षणात सहा वर्षांवरच्या दर शंभर बायकांपैकी सुमारे ८१ जणी बिनपगारी घरकाम करताना आढळल्या, आणि शंभर पुरुषांपैकी सुमारे २६. त्यातही काम करणाऱ्या बाईची रोजची सरासरी २९९ मिनिटं आणि काम करणाऱ्या पुरुषाची ९७. आमच्या घरात आम्ही आठवडाभर भिंतीवर लिहून ठेवलं. आमच्यातला जो पुरुष आहे त्याची मिनिटं सर्वेक्षणातल्या पुरुषाइतकीही भरली नाहीत. त्यातली बरीचशी 'मदत' होती. मदत म्हणजे काय, तर काम तिचं आणि उपकार याचे. स्त्रीमुक्तीच्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन करून घरी येणारा हा माणूस. हे त्यानं स्वतः लिहा म्हटलं म्हणून लिहिलं आहे.

ठरलं की आता सगळे झाडतील. मुलगीही, मुलगाही. त्यावर आई उठल्या. एरवी फरशीवर डाग सहन न होणाऱ्या आई. म्हणाल्या, "माझ्या नातीच्या हातात झाडू द्यायचा न्हाई. मी धरला तेवढा बास झाला. ती शिकंल."

आम्ही गप्प झालो. याला लगेच उत्तर नसतं. शाळेत आजही आपल्या मुलांनाच संडास झाडायला लावल्याच्या बातम्या येतात. हातानं मैला साफ करायला लावणं कायद्यानं १९९३ साली गुन्हा ठरलं, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला, तरी गटारात माणसं मरतात आणि ती कुणाची असतात हे आडनावावरून कळतं. अशा देशात एका सफाई कामगार बाईला नातीच्या हातातला झाडू बघवत नाही, तर तिला अडाणी म्हणायचा अधिकार आम्हाला नाही.

पण मग आम्ही आईंना एकच विचारलं. नातीनं धरायचा नाही, नातवानं धरायचा नाही, मुलगा तर पुरुषच. घर चमकायला तर पाहिजे. मग झाडू कुणाच्या हातात राहिला? सुनेच्या. म्हणजे तुमच्या हातातला झाडू खाली पडलाच नाही, आई. फक्त पुढच्या बाईकडे गेला.

बाबासाहेबांनी १९३६ मध्ये 'जातिभेद निर्मूलन'मध्ये दाखवून दिलं आहे की जात ही कामाची विभागणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची विभागणी आहे. अपमान झाडूत नाही. झाडू जन्मावरून एकाच्याच हाती देणं आणि बाकीच्यांनी हात मागे बांधून उभं राहणं, यात अपमान आहे. झाडण्याच्या कामाला थोर म्हणून गौरवायचं आणि ते ठरावीक लोकांच्याच गळ्यात ठेवायचं, या लबाडीलाही बाबासाहेबांनी विरोध केला. मग उपाय कोणता? माझ्या मुलीनं झाडू धरू नये एवढाच उपाय नाही. ज्यानं केर केला त्या प्रत्येकानं तो काढावा, मग तो मुलगा असो, बाप असो की साहेब असो, हा उपाय आहे. ज्या दिवशी या देशातल्या प्रत्येक घरातला मुलगा आपलं संडास आपण घासेल त्या दिवशी गटारात उतरणाऱ्या माणसाकडे बघण्याची नजर बदलायला सुरुवात होईल. सुरुवात म्हणतो आहोत. बाकीचं यंत्रांनी, कायद्यानं आणि पगारानं व्हायचं आहे.

आई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मुलगा झाडू घेऊन वाकला तेव्हा त्या तोंड फिरवून बसल्या. चौथ्या दिवशी म्हणाल्या, "झाडू असा धरत्यात व्हय? कंबर जाईल. आण हिकडं." आणि कसा धरायचा ते दाखवलं. तीस वर्षांचं कसब आहे ते. कडेकडेनं ओढत आणायचं, उडवायचं नाही, पाणी शिंपडून धूळ बसवायची. ते शिकवताना त्यांच्या आवाजात लाज नव्हती. ते आम्ही पहिल्यांदा ऐकलं.

आता आमच्या घरात काय चालतं ते सांगतो. कुणाच्या उपयोगी पडलं तर बघा.

फिनेल, ॲसिड, ब्लीचिंग हे मूळ बाटलीतच, चिठ्ठीसकट, आणि वरच्या कप्प्यात कुलपात. खाण्यापिण्याच्या बाटलीत कधीही नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र ओतायचं नाही, विषारी वायू होतो. रोजच्या फरशीला साबणाचं पाणी पुरतं.

मुलांच्या खेळाला एक जुनी चादर. खेळ चादरीवर मांडायचा. रात्री दोघांनी मिळून चार टोकं उचलायची आणि सगळं एका क्रेटमध्ये ओतायचं. धाकट्याला हाच खेळ सगळ्यात आवडतो.

सांडलं तर रागवायचं नाही, फडकं द्यायचं. अडीच वर्षांचं पोर पुसत नाही, पसरवतं. पसरवू द्यायचं. आपण नंतर पुसायचं, पण त्याच्या देखत त्याला कमी लेखून नाही. ज्याचं ताट त्यानं मोरीत ठेवायचं, मुलग्यानंही. संडास आठवड्यातून दोनदा, एकदा तो, एकदा ती. पिंप रविवारी, बापाकडे. थोरलीवर धाकट्याला सांभाळायची जबाबदारी नाही. ती मूल आहे.

आणि बेल वाजली तर कुणी काही लपवायचं नाही.

परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब आणि रमाई यांचा संसार दोन खोल्यांत होता. पाच लेकरांपैकी चार त्यांनी लहानपणीच गमावली. घरात मूल जिवंत, हसतं, पसारा करणारं असणं ही किती मोठी गोष्ट आहे हे ज्यांच्या घरात रमाईंचा फोटो आहे त्यांनी तरी विसरू नये. आम्ही ते एका रात्रीपुरतं दवाखान्याच्या बाकावर बसून शिकलो.

मागच्या आठवड्यात तेच सहकारी पुन्हा आले. आधी कळवलं नव्हतं. दार थोरलीनं उघडलं. चादरीवर ठोकळे होते, भिंतीवर नवं गाव होतं, मोरीपाशी तिचे बाबा पिंप घासत होते. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. पोरगी म्हणाली, "काका, चादरीवर पाय देऊ नका, तिथं आमची शाळा आहे. कडेनं या."

ते कडेनं आले.

आम्ही चहा केला. या वेळी ते घराबद्दल काहीच बोलले नाहीत, आणि आम्हीही त्यांच्या तोंडाकडे पाहत बसलो नाही.

तुमच्या घरात काय चालतं? झाडू कुणाच्या हातात आहे, आणि घर कुणासाठी आवरलं जातं? एकदा घरातच बसून बोला. सभेत नंतर बोलू.

जय भीम. जय संविधान.